कशावरूनरावांचा हात

लोक त्यांना कशावरूनराव म्हणत, आणि त्यात लोकांचा काही दोष नव्हता. "तराजू बिघडलाय" असं कुणी म्हटलं की यांचा पहिला शब्द ठरलेला, "कशावरून?" औषधवाले, सोनार, प्रयोगशाळा, सगळ्यांचे नाजूक तराजू दुरुस्तीला त्यांच्या टेबलावर येत. केसाचंसुद्धा वजन दाखवणारे तराजू. तीस वर्षं तेच काम. पण एका स्क्रूला हात लावायच्या आधी अर्धा तास नुसते प्रश्न. कधीपासून? रोज की अधूनमधून? आणि शेवटी त्यांचा हुकमी प्रश्न, "समजा, तुमचं म्हणणं चुकीचं आहे. मग आपल्याला काय दिसायला हवं?"

एका प्रयोगशाळेच्या बाई या प्रश्नांनी इतक्या वैतागल्या की यांना हाकलून द्यायचंच काय ते बाकी राहिलं. त्यांचा तराजू रोज दुपारी चुकायचा. वीज कमीजास्त होते म्हणून चुकतो, हे बाईंचं पक्कं होतं. कशावरूनराव म्हणाले, "विजेवर न चालणारा जुना तराजू याच टेबलावर ठेवा. दोष विजेचा असेल तर तो चुकायला नको." दुपारी जुनाही चुकला. वीज निर्दोष सुटली. तीन वाजता खिडकीतून टेबलावर ऊन यायचं, एवढंच कारण. एक पडदा लावला आणि भागलं. पुढे त्याच बाई चारचौघांना यांचं नाव सांगायला लागल्या.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगाच नाही. जगाला उलटतपासणीला उभं करणाऱ्या या माणसाने स्वतःबद्दलची एक गोष्ट मात्र एकही प्रश्न न विचारता मान्य करून टाकली होती.

त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चिमट्यात बारीक वजन धरलं की वजन आपलं नाचतंय. यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं, याच वयात. आधी हात, मग चाल, मग बोलणं. शेवटची चार वर्षं कशावरूनरावांनी त्यांना आपल्या हाताने भरवलं होतं. त्यामुळे स्वतःचा हात थरथरताच यांनी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. आपलीही पाळी आली.

घरी सांगितलं नाही. पण बायको शिवणकाम करायची. मशीनवरचं ती निभावून न्यायची, हातशिलाईच्या सुया ओवायचं काम मात्र संध्याकाळी नवऱ्याचं, कारण तिची नजर आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. तीन आठवडे हा माणूस "उद्या ओवतो" म्हणून टाळत होता. आज डोकं दुखतंय, उद्या कंटाळा आलाय. तिच्या खोलीत बटणं लावायची आणि कडा दुमडायच्या राहिलेल्या कपड्यांचा ढीग वाढत चालला होता.

एका रविवारी दुपारी चहा पिताना त्यांनी खिशातून कागद काढून तिच्यापुढे ठेवला. राजीनामा होता. "उद्या दुकानाच्या मालकांना देणार. हात गेला माझा. बाबांचं झालं तेच."

तिने कागद वाचला, घडी केली, बशीखाली ठेवला आणि म्हणाली, "कशावरून?"

तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"थरथरतो म्हणून."

"कधी थरथरतो?"

"दुकानात. आणि तिथून संध्याकाळी घरी आल्यावर."

"सकाळी दाढी करताना? कुठे कापल्याचं दिसलं नाही मला."

"तेव्हा नाही."

"आत्ता कप धरलाय. बशीत थेंब सांडलेला नाही."

"रविवार आहे. आराम असतो."

"अस्सं! म्हणजे बाबांचा आजार रविवारची सुट्टी घेतो?" ती म्हणाली. "अहो, समजा तुमचं म्हणणं चुकीचं आहे. मग काय दिसायला हवं?"

स्वतःचंच औषध स्वतःला कडू लागतं म्हणतात, तसं त्यांचं तोंड झालं. "मग... एखादा दिवस असा दिसायला हवा की काम केलं आणि हात थरथरला नाही."

"बरोबर. आता दुकानात असं काय आहे, जे घरी नाही? तीस वर्षांपासूनचं सांगू नका. तीन आठवड्यांतलं सांगा."

कशावरूनरावांनी डोकं खाजवलं. नवं काहीच नाही, म्हणाले. माणसं तीच, टेबल तेच. धुळीने खोकला झाला, त्याच्यावर डॉक्टरांनी दिलेल्या औषधाची बाटली खणात आहे, तेवढीच. सकाळी पोहोचल्यावर घोटभर घेतो, दुपारनंतर घोटभर.

"घोटभर?"

"चमचा कुठे शोधत बसायचं दुकानात?"

तिने कपाळावर हात मारून घेतला. जो माणूस दुसऱ्यांसाठी केसाचं वजन करतो, तो औषध बाटलीला तोंड लावून पीत होता! बाटली तीन दिवसांत कशी संपते, हेही या पठ्ठ्याला कधी खटकलं नव्हतं.

"उद्या कामावर जा, सगळं काम करा, फक्त बाटलीला हात लावू नका. हात थरथरला तर माझं चुकलं, मग खुशाल राजीनामा द्या. आणि नाही थरथरला तरी परवा डॉक्टरकडे जायचंच."

सोमवारी ते दिवसभर खोकले. खोकून खोकून बरगड्या दुखल्या. पण चिमट्यातलं वजन दगडासारखं स्थिर. संध्याकाळी त्यांनी औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत पाणी भरलं, तराजूवर ठेवली, नेहमीसारखा एक घोट घेतला आणि परत ठेवली. पंधरा ग्रॅम कमी. डॉक्टरांनी लिहिलेल्या चमच्याच्या तिप्पट. तिथेच स्टुलावर बसून ते लहान मुलासारखे रडले. आनंद झाला होता, दुसरं काही नाही.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी त्यांना चालायला लावलं, लिहायला लावलं, हात वाकवून बघितले. "छातीतला श्वासाचा मार्ग मोकळा करणारं औषध आहे हे. जास्त झालं की हात कापतात. तुमच्या वडिलांच्या आजाराचं आज एकही लक्षण नाही तुमच्यात."

"पुढे होणार नाही कशावरून?"

"ते मी सांगू शकत नाही. आजचं सांगते."

आजचं त्यांना पुरेसं होतं.

घरी आले तर बायकोने तो ढीग बाहेर काढून ठेवला होता आणि सुयांची उशी पुढ्यात. कशावरूनराव बसले आणि एकेक सुई पहिल्याच झटक्यात ओवत गेले. सातव्या सुईला थांबले.

"तीन आठवडे एवढं काम तुंबलं. शेजारणीकडून का नाही ओवून घेतल्यास?"

"थरथर दिसली होती मला. पण तुमचा हात गेलाय असं वाटतच नव्हतं."

त्यांनी सवयीने तोंड उघडलं, "कशावर..."

"गप्प बसून ओवा," ती म्हणाली, आणि ते गप्प बसून ओवायला लागले.