पानावर कधीच नसलेली चौथी चकती

नोकरीतल्या बऱ्याच फायली मी विसरले. कागदाच्या एका चकतीची घटना मात्र अजून जशीच्या तशी आठवते.

इलिनॉयमधल्या एका विद्यापीठाच्या गावात मी डिटेक्टिव्ह होते. सकाळची हजेरी संपते न संपते तोच ग्रंथालयातून फोन आला. सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचं खगोलशास्त्राचं पुस्तक. पानांवर कागदाच्या गोल चकत्या दोऱ्याने टाचलेल्या. त्या फिरवून ग्रहांच्या जागा काढायच्या. नोंदीत चकत्या चार, मोजल्या तर तीनच. एका पानावर नुसतं छापील वर्तुळ. शेवटचा वाचक सांगलीहून आलेला पीएच.डी.चा विद्यार्थी.

दुपारी त्याच्याच रूममेटने खबर दिली, की खोलीवर तसल्या चकत्या आहेत. वॉरंट काढून झडती घेतली. नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यातून कापलेल्या, पुठ्ठ्याच्या चार नकली चकत्या मिळाल्या. सार्जंट खूश.

"चौथी पाहिल्याशिवाय बनवली कशी? लाव चार्ज!"

चार्ज लागला की मुलाचा व्हिसा आणि पीएच.डी., दोन्ही गेलं. संध्याकाळपर्यंत ठरवायचं होतं.

चौकशीच्या खोलीत त्याचे हक्क वाचून दाखवले. इंग्रजीत अडखळायला लागला, तेव्हा मराठीत बोल म्हटलं. रेकॉर्डिंग चालू होतंच.

"मावशी, मी खरंच..."

"इथे मावशी नाही. डिटेक्टिव्ह."

"सॉरी मॅडम. सकाळपासून सगळे 'कुठे लपवलीस' एवढंच विचारतायत!"

मीही तेच विचारणार होते. प्रश्न बदलला.

"चौथी चकती पाहिलीस कुठे?"

"शेवटच्या पानावर. फिरवून बघायला चारही पुठ्ठ्याच्या केल्या. पुस्तकातली चौथी कापलेलीच नाहीये."

"म्हणजे?"

"तेव्हा चकत्या वेगळ्या कागदावर छापून द्यायचे. ज्याचं पुस्तक त्याने कापून ओवायच्या. या ओनरने तीन केल्या आणि बोअर झाला, यार." त्याने जीभ चावली. "सॉरी मॅडम."

खोटं बोलणारे माझ्यासमोर सहसा घाबरायचे किंवा गोड बोलायचे. हा वैतागला होता.

तडक ग्रंथालयात गेले. रिकाम्या वर्तुळाच्या मध्यावर भिंग धरलं. सुईचं भोक नव्हतं. तिथे कधी काही टाचलंच नव्हतं. मग ग्रंथपालबाईंना शेवटचं पान उघडायला सांगितलं. कागदात तीन गोल खिडक्या, आणि चौथी चकती शाबूत. नोंद बरोबर होती.

"इथपर्यंत कोणी येतच नाही हो," बाई म्हणाल्या.

"आम्हीही आलो नव्हतो," मी म्हटलं.

अहवालात लिहिलं : गुन्हा घडलेला नाही. सार्जंट दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्यानंतर हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी चोर शोधण्याआधी वस्तू शोधायला लावलं. मी पकडलेल्यांची यादी लांब आहे. पण कोणी नोकरीतली मोठी कामगिरी विचारली, की मी न केलेली ही अटक सांगते.