नत्थुजींनी तक्रार सोडली

आमच्या शेजारचे नत्थुजी हे अख्ख्या अमरावतीतले सगळ्यांत सुखी गृहस्थ, असं म्हटलं तर गल्लीतल्या बायका मला वेड्यात काढतील. कारण त्यांचं तोंड सदा कडू. सकाळी चहा पांचट, दुपारी पोळी जाड, रात्री वरणात हिंगाचा पत्ता नाही. पण मी मोझरीच्या आश्रमात नेमानं जाणारी बाई, खोटं लिहिणार नाही. तो पांचट चहा ते दोनदा मागून पितात आणि जाड पोळ्या बोटं चाटत खातात.

त्यांची सून पौर्णिमा अकोल्याला आनंदी जगण्याच्या शिबिराला जाऊन आली. तिथल्या सरांनी म्हणे सांगितलं की आरशात बघून हसा, झाडाला मिठी मारा आणि तक्रार सोडा, मन आपोआप फुलतं. अंगणात झाड एकच, शेवग्याचं, आणि त्यावर सुरवंट. म्हणून मिठी बारगळली. तक्रार सोडायचं मात्र तिनं फार मनावर घेतलं, स्वतःची नाही, सासऱ्यांची. यापुढे तक्रार करणार नाही म्हणून महादेवापुढे त्यांना बेल उचलायला लावला.

नत्थुजी शब्दाचे पक्के. चहा छान, पोळी छान, भर दुपारी लाइट गेली तर तेही छान. आणि जेवण निम्म्यावर आलं. गालफडं बसली. त्यांच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी, माझ्या ओट्यावर बसून डोळ्याला पदर लावला. माणूस आनंदी झाला खरा, म्हणाल्या, पण आता जगतो की नाही देव जाणे. पौर्णिमाही घाबरली होती, पण सरांनी सांगितलं होतं की सुरुवातीला असं होतंच.

अशात मार्गशीर्ष आला. लेकाची, अमोलची, बदली गावात व्हावी म्हणून दुर्गाबाईंनी नवस बोलला होता, तो फळला, म्हणून यंदाचे रोडगे त्या नवसाचे, नांदगाव खंडेश्वरकडच्या त्यांच्या शेतात होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे हे गोळे पुरले की दरवर्षी नत्थुजी शेजारी बसायचे. एकेक राखेतून काढायचा, ठोकायचा, कान लावायचा आणि कच्चा आहे म्हणून परत लोटायचा. पोरं कंटाळायची, पण त्या कटकटीवरच सगळी पंगत जेवायची. यंदा पुतण्या नितेशनं विचारलं, झाले का काका? नत्थुजींनी रोडगा ठोकला, कान लावला, घटकाभर डोळे मिटले आणि म्हणाले, "छान."

नैवेद्याचं ताट तयार झालं. वांग्याची भाजी, वरण, सगळं होतं. तूप सोडायला पौर्णिमानं रोडगा फोडला तर आत ओली कणीक, बोटाला चिकटणारी. मी तर हात जोडूनच बसले होते, ते तसेच राहिले.

"मामाजी, तुम्हाला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

"मग बोलले काहून नाही?"

"बेल कोनं उचलायले लावला मले?"

दुर्गाबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो, महादेवाले कच्चा गोळा चारून राहिले का तुमी? बोला ना आता."

पौर्णिमानं फोडलेला रोडगा ताटातून बाजूला काढला. मग हळूच म्हणाली, "बोला मामाजी. बेल मी उचलायला लावला, दोष माझा."

महिनाभराचं तुंबलेलं मोकळं झालं. गोवऱ्या ओल्या, कणीक सैल, वांगी जून, नितेश बिनकामाचा, आणि ज्या सरांना रोडगा ठोकता येत नाही ते लोकांना काय जगणं शिकवणार. रोडगे पुन्हा निखाऱ्यात गेले. नैवेद्याला दुपार कलली, आम्ही उपाशीपोटी भजनं म्हणत बसलो. देवाची काही तक्रार आली नाही. आणि नत्थुजी जेवले, असे की वाढणारा थकला.

परवा विरजण मागायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. पौर्णिमानं भाजीत चिमूटभर मीठ घातलं, जरा थांबली आणि डबा बंद करून ठेवला. कमी नाही का झालं, मी विचारलं. ती नुसती हसली, आरशाशिवायच.

थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला, "हे आळनी कोनं केलं?" आणि मागोमाग, "आन्खी एक पोयी आन."