निळ्या झग्याची झिजलेली कड

दिगंबर कुलकर्णी गेल्याचा फोन जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमहून आला, तेव्हा वहिनींनी मला रडायलाही फुरसत दिली नाही. "भावजी, पेपरात द्यायच्या मजकुरात यांच्या नावाआधी डॉक्टर लावायचं का? इथे सगळे हेर डॉक्टरच म्हणायचे." मी म्हटलं, नका लावू, तो उठून दुरुस्त करून घेईल. वहिनी पलीकडे हसल्या. मोटारींच्या कारखान्यात, रंगखात्यात, दहा वर्षं तो प्रत्येक कामगाराला बजावत आला होता की मी डॉक्टर नाही, नुसता हेर कुलकर्णी, म्हणजे आपला साधा श्रीयुत. जर्मनीत माणसं ही पदवी दारावरच्या पाटीवर मिरवतात आणि आमचा गृहस्थ फुकट मिळालेली परत करत हिंडायचा. बरं, ती हुकली कशानं, तर नमस्कारानं.

पन्नासच्या दशकात आम्ही आखनला एका खोलीत राहायचो. मी यंत्रांच्या मागे, तो रंगांच्या रसायनाच्या. त्याच्या संशोधनाचा विषय म्हणजे एक प्रार्थनेचं पुस्तक. बॉनजवळच्या एका लहानशा ग्रंथालयात होतं ते, पाचशे वर्षांपूर्वीचं, हातानं लिहिलेलं, तळहाताएवढं, पानं वासराच्या कातड्याची. एकदा मलाही नेऊन दाखवलं त्यानं. पेढ्यावर असतो तसा सोन्याचा वर्ख, पण अक्षरांवर. मजकुराभोवती वेलबुट्टी, वेलीत लालचुटूक स्ट्रॉबेऱ्या आणि एका कोपऱ्यात चिलखत घातलेला वीर चक्क गोगलगाईशी लढायला उभा. मी हसलो तर दिगूनं मला गप्प केलं. दुसऱ्या पानावर निळ्या झग्यातली मेरी. निळा रंग काल लावल्यासारखा ताजा, फक्त पावलांजवळची कड उडून खालचं कातडं दिसत होतं. ती कड का उडाली, हा प्रबंध. त्याच्या प्राध्यापकांचं मत, चित्रकारानं तिथे रंगात डिंक कमी घातला. दिगूनं दोन वर्षं खपून ते जवळजवळ सिद्ध केलं होतं. सहा आठवड्यांत प्रबंध द्यायचा होता, त्यानंतर शिष्यवृत्ती बंद.

आणि या महाभागाची सवय अशी, की पुस्तकाला कोपर जरी लागलं तरी त्यावर बोट टेकवून कपाळाला लावायचं. कपाळावर आईनं पाठवलेलं खोबरेल ओघळलेलं. ग्रंथपाल फ्राऊ होल्त्स यांनी त्याला एके दिवशी ऐन नमस्कारात पकडलं. "हेर कुलकर्णी, हे काय करताय?" दुसरा कुणी माशी हाकलत होतो म्हणाला असता. यानं सविस्तर समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता स्वतःच थांबला... बाईंनी ताकीद देऊन सोडलं. संध्याकाळी खोलीवर आला तो पांढराफटक.

"अरे, डिंकाचा काही संबंध नाही. पाया पडून पडून झिजलीय ती कड."

"छान. कुणाला सांगू नकोस."

"मग प्रबंधाचं काय?"

"प्रबंध दे, डॉक्टर हो, मग गावभर सांग."

"म्हणजे खोटं आहे हे कळल्यावर बांधणी करून द्यायचं?"

मी ओरडलो, हात जोडले, उद्यापासून आमटी करणार नाही म्हणून धमकी दिली. त्या रात्रीची आमटी खाऊन तो सकाळी प्राध्यापकांपुढे हजर. ते म्हणाले, "बरं, पुरावा?" तर हा म्हणतो, "मीच पुरावा. मी एकदा नाही, प्रत्येक वेळी बोट लावलंय." झालं. पुस्तक हाताळायची परवानगी रद्द. जुना प्रबंध यानं मागे घेतलेला, नव्यासाठी पुस्तक मिळेना, आणि शिष्यवृत्ती संपल्यावर मोटारी रंगवायला गेला. त्या दिवसापासून आमची भेट झाली की मी त्याला मूर्ख म्हणायचो आणि तो मान डोलवायचा, पण मत काही बदलायचा नाही.

गेल्या महिन्यात वहिनी म्हणाल्या, ते पुस्तक मला बघायचंय. आम्ही दोघं गेलो. फ्राऊ होल्त्स आता पिकल्यात, पण नाव सांगताच उठल्या. पुस्तकासोबत त्यांनी सूचीचं एक कार्ड आणलं. मी ते वहिनींना मराठीत वाचून दाखवलं: झग्याची कड भाविकांच्या स्पर्शानं झिजलेली, निरीक्षण, हेर कुलकर्णी, आखन. खाली आणखी एक ओळ: समासात तेलाचा नवा डाग, एका बोटाचा, हेर कुलकर्णी. "ही दुसरी ओळ लिहायची माझी इच्छा नव्हती," बाई म्हणाल्या. "पण ते इथून हलायलाच तयार नव्हते."

मी कपाळावर हात मारला. वहिनी मात्र हात मांडीवर घट्ट धरून समासावर वाकल्या होत्या. मी म्हटलं, हात लावू नका हं. "नाही हो, भावजी," त्या म्हणाल्या, "बघतेय फक्त... यांचं बोट इतकं लहान होतं का?"