हत्यारांना दिलेलं पाणी

संशय माझ्या रक्तातच. कोथिंबिरीची जुडी मी सोडून बघितल्याशिवाय घेत नाही, तर दवाखान्यातली हत्यारं कुणाच्या भरवशावर सोडीन?

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून साहेब आले, आणि साहेबांच्या दातांसाठी मी दवाखाना थाटला. लगोलग समोरच्या गल्लीत दुसरा दातांचा डॉक्टर येऊन बसला. त्याचा कंपाउंडर माझ्या दारावरून जरा जास्तच वेळा जायचा. पावसाने दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. टँकर आला तर पाणी, नाहीतर एक घागर दिवसभर पुरवायची. हत्यारं धुवायला चाकूरच्या एक मावशी होत्या. बोलायच्या कमी, म्हणून तर मला त्यांचा जास्तच संशय.

दातांवरचं कीटण खरवडायची माझ्याकडे तीनच स्केलर होती, बारीक, टोकाशी मुद्दाम वाकवलेली. पेशंट संपले की दगडावर तेलाचा थेंब टाकून मी त्यांना धार लावायची आणि अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायची. नखाला चावलं की धार आली. पण त्या उन्हाळ्यात आज लावलेली धार उद्या गुल. मावशी पाणी वाचवायला राखेने घासतात की काय? का माझ्या माघारी हत्यारं समोरच्या गल्लीत फिरून येतात? एकदा वैतागून मी ओरडलेच, "मेल्यांना पाणीच राहिलं नाही!" मावशी ट्रे पुसत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

सोमवारी ट्रे उघडला तर तिन्ही गायब. मुंबईहून नवी येईपर्यंत महिना जाणार, आणि तोवर सगळे पेशंट त्या गल्लीत. शनिवारी मावशी गावाला गेल्या होत्या. झालं, माझा चोर ठरला.

दहाच्या सुमाराला त्या एसटीने आल्या, पिशवी काखेत घट्ट धरून. बाकावर चार पेशंट बसलेले.

"मावशी, पिशवी दाखवा."

"थांबा की बाई, हात तर धुते."

"आधी पिशवी!"

फडक्यात गुंडाळलेली तिन्ही स्केलर त्यांनी माझ्यापुढे ठेवली. काळीनिळी पडलेली, आणि दाभणासारखी सरळ.

"तुमीच म्हणला न्हवं, पाणी ऱ्हायलं न्हाई म्हणून? आमच्या लोहाराकडून पाणी देऊन आणलं. भट्टीत लाल करून बुडवली त्यानं. वाकली व्हती, ती बी ठोकून सरळ करून दिली. लई चांगला माणूस हाय."

माझ्या वडिलांचे विळे असेच लोहाराकडे जायचे. विळा बोथट झाला की आमच्या घरात 'पाणी राहिलं नाही' असंच म्हणत. शब्द माझाच होता. एक स्केलर नखावर टेकवलं, तर टोक खट्कन मोडलं.

मावशींनी त्या टोकाकडे पाहिलं, मग बाकावरच्या लोकांकडे.

"म्हंजे मी चोरली असं वाटलं व्हय तुमाला?"

त्यांनी पिशवी टेबलावर उलटी केली. भाकरी, ठेचा, लुगड्याची घडी. "बघा, आणखी काय तुमचं हाय का."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'नाही हो मावशी' म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझी मेलीची नजर त्यांच्या कमरेला खोचलेल्या पानसुपारीच्या चंचीवर गेली. क्षणभरच.

त्यांनी ते पाहिलं. चंची काढून भाकरीशेजारी ठेवली, आणि रिकाम्या हातांनी दवाखान्याबाहेर निघून गेल्या.