दहा वाजता जाणारं नेट

“काका, पुन्हा गेलं. लाल दिवा लागलाय.”

हर्षलाचा आठ दिवसांतला हा तिसरा फोन. मी बोईसरच्या दुकानात उभा होतो. हल्ली मी बसत नाही. बायको गेल्यापासून बूड टेकलं की घर आठवतं. शेठनं दिलेली खुर्ची तशीच पडून असते. शिक्षण चौथी, पण टेलिफोनच्या खांबावर हयात गेली. आता या केबलवाल्या शेठकडं नेटची कामं करतो.

हर्षला तारापूरच्या अंगाला, समुद्राकाठच्या गावात राहते. बाप बोटीवर जातो, आई मासळी सुकवते. पोरगी घरी बसून एका कंपनीच्या गिऱ्हाइकांचे फोन घेते. साहेबानं बजावलं होतं, महिनाभर बघू, नेट सारखं जायला लागलं तर दुसरी मुलगी बघू. त्या घरात पगाराची नोकरी पहिल्यांदाच आली होती.

तिच्या घरचा सर्व्हे मीच केला होता. तांब्याची जुनी टेलिफोन लाइन होती, पण खाऱ्या वाऱ्यानं तिचे जोड हिरवे पडलेले. ती बाद. मग छतावर लावायचा बॉक्स. तो टॉवरकडून हवेतून नेट घेतो. वायर ओढायला नको, तासाभरात काम होतं. पण टॉवर एक, त्यावर सगळा गाव, मध्ये माडांची रांग. बोलताना आवाज तुटणार. राहिलं फायबर. फायबर म्हणजे केसाएवढी काच. तिच्यातून उजेड पळतो. खारा वारा त्या उजेडाला खात नाही.

शेठ म्हणाला होता, “काका, बॉक्स लावा आणि मोकळे व्हा. नऊ खांब वायर कोण ओढणार?”

“मी ओढतो. पोरीच्या नोकरीचा सवाल हाय.”

“आणि काही झालं तर?”

“माझ्या नावावर टाक.”

आता झालं होतं. नेट सकाळी दहाच्या सुमाराला जायचं आणि दुपार कलली की आपोआप यायचं. दुसरी कामं उरकून मी पोचेपर्यंत हिरवा दिवा. उजेड किती पोचतो ते दाखवणारं मीटर असतं. ते उणे वीस दाखवायचं. म्हणजे ठीक. उणे तीसकडं गेलं की मेलं. मी कनेक्टर बदलला, मोडेम बदलला. एक दिवस नीट चाललं, की पुन्हा फोन.

शेठ वैतागला. “काका, तुमच्यानं आता होत नाही. उद्या दुसऱ्याला पाठवून बॉक्स लावतो.”

“उद्या सकाळी मी जातो. नाय सापडलं तर काय लावायचं ते लाव.”

एक गोष्ट शेठला सांगितली नव्हती. ते गाव माझ्या बायकोचं माहेर. तिचे दिवस घातल्यावर मी तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. सर्व्हेला आणि वायर टाकायला गेलो तो मान खाली घालून. कुणी “या जावई, बसा” म्हणायच्या आत मला निघायचं होतं. शेवटच्या खांबापासून हर्षलाचं घर लांब पडत होतं. मध्ये बोंबील सुकवायचे बांबू रोवलेले, तेव्हा रिकामे. दोन बांबूंना वायर करकचून बांधली आणि सुटलो. एरवी असं काम दुसऱ्यानं केलं असतं तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

सकाळी नऊला हर्षलाच्या घरात मीटर लावून बसलो. कितीतरी दिवसांनी बसलो. उणे वीस. दहाला उणे तेवीस. मग सव्वीस. मग लाल दिवा. मी बाहेर धावलो.

अंगणात हर्षलाची आई यमुना आणि तीन बाया बोंबील टांगत होत्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. दोऱ्या भरल्या होत्या. उरलेल्या जोड्या माझ्या वायरीवर. वायरीचं पोट लोंबत होतं आणि माझ्या गाठीपाशी ती कोपरासारखी मोडली होती. काच अशी वाकली की उजेड तिथंच गळतो.

“यमुने, उतरव ते आधी!”

“का वो जावई? तुमीच बांधलीत ना दोरी? लय मजबूत हाय.”

“दोरी नाय ती! पोरीचं नेट हाय!”

हर्षला दारात आली, कानाला हेडफोन. “आई! माझं नेट तू घालवतेस?”

“मना काय म्हाईत? नेट हवेतून येतं ना?”

बाया खो खो हसल्या. एक म्हातारी म्हणाली, “एवढं कळू नये जावयाला? दोन बांबूंत कायपन बांधा, त्यावर बोंबील चढणार. बायकोनं शिकवलं नाय?”

मग तिनंच जीभ चावली.

शिकवलं होतं. लग्न नवं होतं तेव्हा सरावलीच्या आमच्या घरामागं मी टेलिफोनची वायर ताणून ठेवली होती. तिनं त्यावर बोंबील टाकले. मी इतका ओरडलो की दोन दिवस ती बोलली नाही. आज घरी जाऊन तिला हे सांगायला हवं, असं मनात आलं. सांगणार कुणाला?

ओला बोंबील म्हणजे निव्वळ पाणी. उन्हानं तो हलका झाला की वायर वर यायची, उजेड सुरू. म्हणून दुपारनंतर मला काही सापडत नव्हतं; त्यात मान खाली घालून यायचो, वर बघायचोच नाही. आणि ज्या दिवशी ताजी मासळी नाही, त्या दिवशी दोऱ्या पुरायच्या, नेट धड.

बाया भराभर जोड्या उतरवू लागल्या. मीटर परत वीसवर. मी गाठी कापल्या, छपरावर लोखंडी पाइप उभा केला आणि वायर उंचावरून नेली. खाली बांबूंना खरीखुरी नायलॉनची दोरी बांधून दिली. हर्षलाच्या साहेबाला कारण पटेना. तिनं फोटो पाठवला, तेव्हा पटलं. महिना भरला, नोकरी टिकली.

त्या दिवशी निघताना यमुनेनं सुके बोंबील कागदात बांधून हातात दिले.

“करणार कोण?” मी म्हटलं.

“भाजा आन् खा. तेवढं येतं ना?”

येत नव्हतं. आता येतं.

लोक विचारतात, घरी कुठलं नेट घ्यावं. फायबर मिळत असेल तर फायबर घ्या. फक्त वायर टाकायला आलेला माणूस घाईत दिसला, तर त्याला आधी बसवा आणि पाणी द्या. उभ्या उभ्या मारलेली गाठ कशी असते, ते मी मारून बघितलंय.