अक्काच्या रानातली माती

पुण्याहून निघताना ट्रंकेत कपडे कमी आणि कापडी पिशव्या जास्त होत्या. माती तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पण या खेपेची माती माझ्या बहिणीच्या, अक्काच्या रानातली होती. गंगाखेडजवळच्या तिच्या गावी मी सात वर्षांनी चाललो होतो. आईवडील गेल्यावर आपलं म्हणावं असं तेवढंच घर उरलं होतं. आणि दाजी तेही मोडून पाथरीला जिनात (सरकी काढायच्या कारखान्यात) कामाला जायचं म्हणत होते.

"रान थकलंय, पाव्हणं," दाजी बांधावर उभे राहून म्हणाले. "मेंढरं बसवायचं (खतासाठी कळप शेतात मुक्कामाला ठेवायचं) सोडलं तवापासून जवारी जोर धरीना. जीव हाय का ह्यात, तुमीच सांगा. असला तर ऱ्हातो."

मी बांधावरच्या गवताखालचं एक आणि नांगरटीतलं एक, अशी दोन ढेकळं पाण्यात सोडली. नांगरटीतलं बघता बघता विरघळलं, बांधावरचं टिकून राहिलं. म्हणजे रान थकलं होतं, हे खरं. पण मातीत कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्याचं सत्त्व, किती उरलंय ते पुण्यातच कळणार होतं. म्हणून चार ठिकाणची ढेकळं न फोडता फडक्यात बांधली, ओसरीवर ठेवली आणि ओढ्यावर आंघोळीला गेलो.

परतलो तेव्हा अक्का चाळण झटकत होती. भाकरीचं पीठ चाळलं असेल, असं मला वाटलं.

"लय वाळलास रं. खा की नीट," म्हणत तिनं अंबाडीच्या भाजीवर करडईचं तेल ओतलं. ती एकदाही टेकली नाही. मला तिच्याशी आईबद्दल बोलायचं होतं. तोवर बैलगाडी दारात आली. गाठोडं तिनंच माझ्या मांडीवर ठेवलं.

निजामाच्या हद्दीवरच्या स्टेशनात करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायानं ते सोडायला लावलं.

"क्या है, आटा?"

मी वाकून पाहिलं. माती पिठासारखी चाळलेली होती. ढेकूळ नाही, मूळ नाही, लेंडीचा तुकडा नाही. भावाला धान्य बांधून द्यावं तशी अक्कानं ती निवडून दिली होती. जे तपासायचं, तेच नेमकं वेचून टाकलं होतं. मला तिचा राग यायला हवा होता, पण डोळे भरून आले.

पुण्यात पोचताच दाजींना पत्र टाकलं : 'निकाल निघाला नाही. मी पुन्हा येईतो रान सोडू नका.' खाली अक्काला वाचून दाखवायला एक ओळ लिहिली : 'या खेपेला चाळणीला हात लावू नकोस. नुसती माझ्याजवळ बस.'