मागून घेतलेला शनिवार

इडालिना सिल्वेराने उभ्या आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही. एकदाच मागितलं, तेही सख्ख्या धाकट्या भावाकडे, आणि मागितला काय तर एक शनिवार.

घर अझोर बेटांवरून आलेल्या गवळ्यांचं. होलिस्टर गावाच्या पुढे, डोंगर सुरू होतो तिथे त्यांचा गोठा होता. वडील गोठ्यामागच्या पडवीत घरापुरती वाइन करायचे, इतकी काळी आणि जाड की ओठांवरचा रंग दुसऱ्या दिवशी चर्चमध्येही लोकांना दिसायचा. वडील गेले तेव्हा जमीन जोकिमला मिळाली. मुलीला जमीन द्यायची त्या घरात पद्धत नव्हती आणि इडालिनाने तो विषयही काढला नाही. तिने जर्दाळू वाळवायच्या खळ्यावर काम धरलं, लग्न केलं, नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, आणि ती परत माहेरच्या कुंपणालगतच्या दोन खोल्यांत राहायला आली. यात रडण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही. तेवढा वेळच नव्हता.

१९७५ च्या वसंतात एक गाय चुकली म्हणून ती वरच्या टेकडीवर गेली, तर तिथे एक लांबटांग माणूस गुडघ्यांवर बसून पांढऱ्या दगडावर बाटलीतून थेंब सोडत होता आणि दगडाला कान लावून ऐकत होता. उन्हाने डोकं फिरलं असावं असं समजून तिने त्याला आपल्याजवळचं पाणी दिलं.

"फसफसतोय," तो हरखून म्हणाला. "आम्लाने फसफसतो म्हणजे चुनखडी आहे ही. असल्या दगडासाठी मी दोन वर्षं वणवण करतोय."

"दगडासाठी? मग आधी आमच्या कुरणात यायचं होतंत. नांगराला तिथे दुसरं काही लागतच नाही."

हा वेंडेल थॉर्प. फ्रान्समध्ये, बर्गंडीत, तळघरातली पिंपं धूत त्याने काही वर्षं काढली होती, आणि तिथल्यासारखी वाइन इथेही होईल असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्यासाठी त्याला चुनखडीची टेकडी हवी होती. ती मिळाली, पण तिच्यावर ना रस्ता, ना वीज, ना पाणी. त्या मुलखात तोवर कुणी असल्या जागी द्राक्षाची काडी लावली नव्हती. वेंडेलने लावली आणि पाणी घालायला इडालिनाला ठेवलं. जुन्या ट्रकवर टाकी चढवून ती खालून पाणी आणायची आणि एकेका रोपाला बादलीने पाजायची. पहिल्या उन्हाळ्यात निम्मी रोपं मेली. दुसऱ्या वर्षी दोघांनी पुन्हा लावली.

वेंडेलची तऱ्हाच निराळी होती. खालच्या खोऱ्यात सगळे द्राक्षांत साखर भरायची वाट पाहत बसायचे, तेव्हा याची तोडणी उरकलेली असायची. घड देठासकट लाकडी हौदात टाकायचे, पायांनी तुडवायचे, आणि मग जे आंबायचं ते आपोआप आंबू द्यायचं. वरून काही घालायचं नाही, काढायचं नाही. निघायची ती वाइन फिकट लाल. पेल्यातून पलीकडची बोटं दिसत.

पहिल्या वर्षी इडालिनाने ती चाखली आणि तोंडावरच विचारलं, "मिस्टर थॉर्प, बाकीची कुठे आहे?"

तिला ती आवडायला लागली त्याची गोष्ट साधी आहे. एका हिवाळ्यात ती तापाने पडली. उठली तेव्हा तोंडाला चव नव्हती, आणि वडिलांच्या धाटणीची वाइन घशाखाली उतरेना. तिने टेकडीची अर्धा पेला ओतून घेतली. समोर बीन्सचा वाडगा होता. घोटामागून घास घेतला, तर बीन्सची चव लागली. वाइनचीही लागली. दोघी एकमेकींच्या पायात येत नव्हत्या. तिने वाडगा पुसून खाल्ला आणि त्यानंतर वेंडेलच्या कामाला ती आपलं काम म्हणू लागली.

जोकिमला मात्र हे काही पटायचं नाही. दुधाचे भाव पडल्यावर त्याने गाई विकून सपाटीवर द्राक्षं लावली होती, आणि त्याचा माल खोऱ्यातला वाइनचा एक मोठा कारखाना उचलायचा. त्यांना द्राक्षं पिकून मऊ पडलेली लागायची. जोकिम सुखी होता. लहानपणापासून तो बहिणीला 'मना' म्हणायचा, त्यांच्या बोलीत मना म्हणजे ताई, आणि रविवारी त्याच्या घरी जेवायला ती बाटली घेऊन गेली की दारातच सुरू व्हायचा.

"मना, वाइन आणलीस की नुसतीच बाटली विसळून आणलीस?"

"तुझ्यासाठी नाहीये. तू आपला तुझा मुरंबा पी."

"मुरंब्यावर पोट भरतं, बाई. तुझ्या त्या साहेबाला म्हणावं, द्राक्षं पिकतात. थोडी कळ काढायची असते."

वीस वर्षं हे असंच चाललं. जोकिमने टेकडीच्या वाइनला ओठ लावला नाही आणि इडालिनाने बाटली नेणं सोडलं नाही. त्या दोघांचं प्रेम असं टोमण्यांतूनच चालायचं आणि दोघांनाही ते पुरेसं होतं.

आता टोळीचं सांगायला हवं. त्या भागात तोडणीची चांगली टोळी एकच होती, रेफुहिओ मेद्रानोची. रेफुहिओ मुकादम म्हणजे सरळ माणूस, पण त्याचा एक नियम होता. ज्याने आधी शब्द दिला त्याचा दिवस. शब्द दिलेला दिवस मुकादम कुणाच्याही सांगण्यावरून बदलत नसे, आणि मालकानेही दुसऱ्याला दिवस सोडण्यापलीकडे फिरायचं नाही. एकदा फिरलेल्या मालकाच्या बागेत पुढे टोळी गेली नाही ती नाहीच. टेकडीची तोडणी आधी, जोकिमची तीन आठवड्यांनी, त्यामुळे बहीणभावात हा प्रश्न कधी उभाच राहिला नव्हता.

त्या वर्षी राहिला. ऑगस्टमध्ये वेंडेल पिंपांच्या शिडीवरून पडला आणि खुब्याचं हाड मोडून सॅन होजेच्या दवाखान्यात जाऊन पडला. "दिवस तुम्ही ठरवा," त्याने पलंगावरून सांगितलं. इडालिनाने आजवर सगळं केलं होतं, पण दिवस ठरवला नव्हता. तिने वाट पाहिली. एक दिवस जास्तच पाहिली. मग पूर्वेचा गरम वारा सुटला आणि गुरुवारी सकाळी वरच्या तुकड्यातला मणी तोंडात टाकल्यावर तिला आपली चूक कळली. दोन दिवसांत द्राक्षं आठवडाभराने पुढे गेली होती. शनिवारी तोडली तर वाचतील. सोमवारी तोडली तर वाइन होईल, पण या टेकडीची होणार नाही.

ती तडक रेफुहिओकडे गेली. तो शेजारच्या खोऱ्यात तोडणीवर होता आणि शुक्रवारपर्यंत तिथेच होता.

"शनिवार तुमच्या भावाचा आहे, दोन्या इडा," तो म्हणाला; दोन्या म्हणजे बाईसाहेब, तो तिला मानाने तसंच म्हणायचा. "उन्हामुळे त्याचीही लवकर आलीत. त्याने मंगळवारीच शब्द दिला."

"दुसरी माणसं?"

"कुठली? सगळ्यांचंच एकदम पिकलंय. तुमचा भाऊ सोडत असेल तर शनिवार तुमचा. पण विचारायचं तुम्ही. मी नाही विचारणार."

जोकिम अंगणात ट्रेलरचं चाक बसवत होता. तिने उभ्याउभ्याच सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"सोमवारी तोड. काय बिघडतं? साखर चढेल. लोक साखरेसाठी नवस बोलतात."

"सोमवारी त्यांचा मुरंबा होईल."

"मग झाला की चांगला. माझ्यासारखा विक."

"जोकिम, मी ती रोपं बादलीने जगवलीत. मला दुसरं काही नाही. तो माणूस तिकडे पडलाय आणि मी एक दिवस चुकले. माझी चूक आहे, त्याची नाही."

जोकिमने पाना खाली ठेवला. "तू मागतेयस?"

"मागतेय."

"बाबांनी जमीन मला दिली तेव्हा नाही मागितलीस."

"तेव्हा नको होती."

"आणि शनिवार हवाय."

"शनिवार हवाय."

त्याने हात पुसले. कारखान्याचा ट्रक त्याला शनिवारचाच मिळाला होता, हे तिला ठाऊक होतं. पुढचा कधी मिळेल हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"घे," तो म्हणाला. "पण कारण सांगू नकोस कुणाला. लोक हसतील, पाणी वाचवायला वाइन सोडली म्हणतील."

शनिवारी उजाडताच टोळी टेकडीवर चढली आणि ऊन तापायच्या आत वरचा तुकडा मोकळा झाला. इडालिना स्वतः हौदात उतरली. पायाखाली घड गार होते. तिला इतकं हायसं वाटलं की तुडवता तुडवता ती गाणं म्हणू लागली, आणि तिचा आवाज चांगला नाही हे तिला माहीत होतं.

जोकिमला ट्रक पुढच्या गुरुवारी मिळाला. वारा तोवर थांबला नाही. कारखान्याला पिकलेली लागत, पण मनुके लागत नव्हते. निम्मा माल त्यांनी फाटकावरून परत पाठवला आणि तो जोकिमने शेजाऱ्याच्या डुकरांना घातला. त्याने हे बहिणीला सांगितलं नाही. रेफुहिओने सांगितलं.

ती गोड पाव भाजून घेऊन गेली. जोकिमने पाव घेतला, छान झालाय म्हणाला, पंप बिघडलाय म्हणाला, दुसरं काही म्हणाला नाही. रविवारी ती बाटली घेऊन गेली तर त्याने ती दारात तिच्या हातून घेतली आणि टेबलावर ठेवली. "बस, मना," एवढंच. पुढच्या रविवारीही तसंच. सगळा हिवाळा तिला कुणी विसळलेल्या बाटलीबद्दल विचारलं नाही. ताटात वाढताना तो "अजून घे" म्हणायचा, पाहुण्याला म्हणतात तसं.

वाइन उत्तम झाली होती. वेंडेलने काठी टेकत तळघरात येऊन ती चाखली, आणि म्हणाला की इतकी नितळ आपल्यालाही कधी साधली नव्हती. इडालिनाने मान डोलावली. त्या पिंपांजवळून जाताना तिला दरवेळी डुकरं आठवायची. भावाचं तोंड गप्प करून आपण ही वाइन मिळवली, असं तिला वाटे, आणि वीस वर्षं नको नको म्हटलेल्या त्या टोमण्यांसाठी तिचे कान आसुसले.

पुढचा उन्हाळा थंड गेला. समुद्रावरचं धुकं दुपारपर्यंत हटायचं नाही. द्राक्षं सावकाश येत होती आणि इडालिना निवांत होती. अजून आठवडा तरी शब्द द्यायची गरज नव्हती. बाजारात रेफुहिओ भेटला, तर तोच म्हणाला, "सोमवारी पहाटे येतो, दोन्या इडा. क्रेट काढून ठेवा."

"कोणाकडे येतोस?"

"तुमच्याकडे. शब्द आलाय."

"मी कुठे दिला?"

"तुमच्या भावाने दिला," रेफुहिओ म्हणाला. "काल तुम्ही चर्चच्या स्वयंपाकाला गेला होतात ना, तेव्हा तो टेकडीवर चढला होता. वरच्या तुकड्यात तासभर हिंडला म्हणे, द्राक्षं खात. मग माझ्याकडे आला. म्हणाला, यंदा बहिणीचा दिवस सगळ्यांच्या आधी धर. नंतर कुणी मागायला नको."

इडालिना टेकडीवर गेली. जोकिमने कालपर्यंत तिथे पाऊल टाकलं नव्हतं. वेलींच्या ओळींतून त्याच्या बुटांचे ठसे गेले होते आणि जागोजागी थुंकलेल्या बिया पडल्या होत्या. हिरव्या. तिने मणी तोडून चावला. साल चिवट, रस आंबट, बी कडू. वेंडेललासुद्धा इतकी लवकर चालली नसती. अजून पाच-सहा दिवस हवे होते.

वेंडेल मागून काठी टेकत आला. त्याने एक मणी खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

"सोमवार?" त्याने विचारलं. "कुणी ठरवला?"

"जोकिमने."

"अंगावर मांस नसेल या वाइनच्या."

"नसेल."

"खपायला दहा वर्षं लागतील."

"लागतील. शब्द त्याने दिलाय, दिवस सोडूही तोच शकतो. मी सांगितलं तर सोडेल."

वेंडेलने काठीने बुटाचा एक ठसा चाचपून पाहिला. "गेल्या वर्षीचा शनिवार त्याचा होता ना?"

"त्याचा."

"मग क्रेट धुवायला घेऊ," तो म्हणाला आणि उतरू लागला.

इडालिनाने तळघरातल्या फोनवरून भावाला फोन लावला. तिकडे पंपाचा आवाज येत होता. त्याने तो बंद केला.

"रेफुहिओ भेटला," ती म्हणाली. "सोमवारी तूही ये. दिवस तू धरलास, तर पहिला घड तू तोड."

"येतो," जोकिम म्हणाला. मग त्याने विचारलं, "दिवस बरोबर आहे ना, मना? मला तुमचं काही कळत नाही."

तिच्या तोंडात अजून तो आंबटपणा होता.

"अगदी बरोबर," ती म्हणाली.

"मला वाटलंच," जोकिम खूश होऊन म्हणाला. "दात आंबले माझे. म्हटलं, झाली, आता माझ्या बहिणीला हवीत तशी झाली."